सावकाश, मुलं आहेत

काटोलच्या एका शाळेकडून घेतली ही ओम्नी,
बारा वर्षं पोरं वाहून दमलेली.
पिवळा रंग तसाच. मागच्या काचेवर
'सावकाश, मुलं आहेत'.
आम्हाला मूल नाही.
कौतिका म्हणाली, "राहू दे,
पुसाले बी पेट्रोल लागते."

बाकडी काढून विकली, त्यात एक जुना टायर आला.
बाकड्यांच्या जागी पोत्यांची गादी,
एक गंज, दोन ताटल्या.
तिसरी घ्यायची नाही असं ठरलं.

कार्तिकात वरूडला संत्र्याची तोड.
माघात भिवापूरला मिरचीचा सातरा,
देठ खुडून बोटं अशी पेटतात
की रात्री ती नकाशा कोपरानं उलगडते.
वैशाखात तेंदूपत्ता, सत्तर पानांचा पुडा,
अंधारातच जंगलात शिरायचं.
आषाढात साकोलीकडं रोवणी,
कंबर दुसऱ्या कुणाची तरी वाटेपर्यंत.
मधले दिवस रस्त्याचे.

रुपये मोजणं मी सोडलं आहे.
किलोमीटरला साडेसात पडतात.
म्हणून चहा सव्वा किलोमीटर.
केस कापणं नऊ.
बांगड्या सोळा, त्या ती घेत नाही,
बघते मात्र पुष्कळ वेळ.
दोन दिवसांची मजुरी म्हणजे वरूड ते अमरावती,
परत येणं धरायचं नाही.

गेल्या साली ओडिशात समुद्रापर्यंत पोचलो.
चार दिवस भात आणि कांदा.
पाणी खारं असतं हे ती ऐकून होती,
तरी वाकून चाखलं,
आणि माझ्याकडं बघून मान हलवली,
जशी भाजीत मीठ बरोबर पडल्यावर हलवते.

लहानू मुकादम दरवर्षी विचारतो,
"घर बांधाचं सोडून हे कायले?"
मला उत्तर सुचत नाही.
मी बोनेट उघडून दाखवतो.
तोही वाकून बघतो, पट्टा दाबून पाहतो,
म्हणतो, "हा बदलून टाक."

परवा रोवणी सरली.
नवेगावबांधच्या बाजारात कौतिकानं
मासळी घेतली, न विचारता.
मी मनात म्हणालो, सव्वीस.
तिला ऐकू गेलं.

तीन दगड मांडले, तेल नेहमीपेक्षा जास्त.
"खाय," ती म्हणाली,
"हे सव्वीस आपून अठीच बसून जाऊ."

बाजूच्या रस्त्यानं एक ट्रक गेला,
मग बराच वेळ काही नाही.
काटे ठेवायला तिसरी ताटली हवी होती.
झाकणावर ठेवले.