भिंत नको म्हणाली

पंचावन्न इंची खोका भिंतीला टेकून उभा,
वर मांजर.
कार्डिफहून मुलानं पाठवलेला, डाइन्योलनं,
सोबत ब्रॅकेट, आठ स्क्रू, आणि फोनवर एक वाक्य :
शेकोटीच्या वर लाव गं आई, सगळे तिथंच लावतात.

सगळे तिथंच लावतात, हे खरंय.
मीच लावून देतो.
ब्लायनाई फेस्टिन्योगपासून खाली समुद्रापर्यंत
बावीस वर्षं लोकांच्या भिंतींना भोकं पाडत हिंडतोय.

पण एलुनेड पॅरीनं माझ्याआधीच काम काढलं होतं.
जुन्या फ्रिजच्या खोक्यातून टीव्हीच्या मापाचा पुठ्ठा कापून
चिकटपट्टीनं शेकोटीच्या वर लावला होता
आणि सोमवारपासून रोज संध्याकाळी
खुर्ची ओढून
ती पुठ्ठा बघत होती.

'काय लागलं होतं?' मी विचारलं.
'काल जरा बरं होतं,' ती म्हणाली.

मी भिंतीवर तळहात ठेवला.
आत धुराडं. दुपारची आग विझत आलेली,
तरी दगड तापलेला, तापातल्या पोराच्या कपाळासारखा.
पट्टीवरचा थर्मामीटर चिकटवून चहा प्यायलो.
चहा संपेपर्यंत आकडा सत्तेचाळीस.
इतक्या उन्हात टीव्ही काय, माणूसही खोटं बोलू लागतो,
असं म्हणणार होतो, म्हटलं नाही;
तिच्याकडे बघून विनोद आधी चाचपावा लागतो.

शेकोटीवरची फळी पाटीच्या दगडाची, अखंड,
याच डोंगरातून निघालेली.
गावातल्या अर्ध्या घरांची छपरं त्याच दगडाची
आणि अर्ध्या घरांतला खोकलाही.
फळीच्या वर, वीतभर अंतरावर, एक भोक सापडलं,
चुन्यानं बुजवलेलं, वरून रंग.

'आरसा होता,' ती म्हणाली.
'गेरल्टला दाराकडे पाठ करून बसायला आवडायचं,
पाय विस्तवाकडे.
कोण आलं ते आरशात बघायचा,
मान न वळवता नाव घेऊन हाक मारायचा.
बायकांना वाटे, याला पाठीवर डोळे आहेत.'
'मग काढला का?'
'तो गेल्यावर दारातून नुसतं दारच यायचं.'

मांजर खोक्यावरून उतरलं, पुन्हा चढलं.
मी टेप लावली. खुर्चीतून तिची नजर एकशे आठ सेंटिमीटरवर,
पुठ्ठ्याचा मध्य एकशे पंच्याहत्तरवर.
मान मागे टाकून ती थोडा वेळ बघत राहिली.
'चॅपलच्या खालच्या बाकावरून
प्रीचर असाच दिसायचा,' ती म्हणाली,
'नाकपुड्यांसकट.
चाळीस वर्षं रविवारी मान वर केली.
उरलेले सहा वार आता माझे.'

मग तिनं स्टूल घेतलं. मी पुढे झालो, तिनं हात उडवला.
चिकटपट्टी चारही कोपऱ्यांतून आपल्या नखांनी सोडवली,
चौथ्या कोपऱ्यात जरा रंग निघाला,
त्याला एक वेल्श शिवी दिली, अगदी हळू.
पुठ्ठा दुमडला, मोडला,
विस्तवात घातला.
एका बाजूला फ्रिजचं चित्र होतं. ते आधी काळं झालं.

'त्या कोपऱ्यात ठेव, खिडकीशी,
खुर्चीच्या उंचीला. डाइन्योलला सांगेन,
भिंत नको म्हणाली.'

भोकाचे पैसे घेतले नाहीत, भोक नव्हतंच.
ब्रॅकेट, आठ स्क्रू, ती म्हणाली, तू घेऊन जा,
कुणाला तरी लागतील.

परतताना पावसात दगडाचे ढीग
धुतलेल्या पाट्यांसारखे चमकत होते.
शेजारच्या सीटवर माझी लेव्हल :
प्रत्येक वळणाला तिच्यातला बुडबुडा
आधी इकडे, मग तिकडे.
घरी माझा टीव्ही शेकोटीच्या वर आहे.
नऊ वर्षांपूर्वी मीच लावला, एकदम सरळ.
गाडी उभी केली
आणि बराच वेळ मानेवरून हात फिरवत
आतच बसून राहिलो.