फोलपटांचा हिशेब

नारिनच्या थेटरात मी रिळं चढवायचो
आणि जुमागुल झाडायची.
बाहेरच्या फळ्यावर तारे रंगवायचं काम खरं तर मालकाचं,
पण मालक बिश्केकला, वर्षातून दोनदा उगवणार,
म्हणून तारे जुमागुल द्यायची.
एकही सिनेमा न बघता.

तिचं सगळं शास्त्र सूर्यफुलाच्या बियांवर उभं.
आमच्याकडे तिकिटाच्या आधी बिया घेतात,
कागदाच्या पुरचुंडीत,
आणि अंधारात दाताखाली कटकट फोडत बसतात.
"सिनेमा लागला ना," ती म्हणायची,
"की माणूस दात विसरतो."
दिवे लागले, दारं उघडली, थंडी आत आली
की ती खराटा घेऊन रांगेरांगेतून
वाचत वाचत जायची.

विनोदी सिनेमाची फोलपटं लांब उडालेली,
पार तीन रांगा पुढे,
एकदा तर कुणाच्या विसरलेल्या टोपीत.
"पोट धरून हसलेत. चार."

भुताच्या सिनेमात पुरचुंड्याच सांडलेल्या,
अख्ख्या बिया,
आणि खुर्च्यांच्या हातांवर नखांचे ओरखडे.
"हेही चार. पण रंगाचे पैसे मालकाकडून घे."

खुनाच्या तपासाला ती फार कडक.
ढीग खराट्याने उकरायची, तळ चाचपायची.
"खालची वाळलीत बघ,
म्हणजे सुरुवातीपासून खात होते.
खुनी कोण, ते शेवटच्या रांगेतल्या
मेंढपाळालासुद्धा कळलेलं होतं. दीड."

प्रेमकथेला फक्त मागचा कोपरा बघायचा.
दोन खुर्च्या, मध्ये एकच ढीग: तीन.
दोन खुर्च्या आणि एकही फोलपट नाही:
"याचं श्रेय सिनेमाला देऊ नकोस."

लढाईच्या सिनेमाला म्हातारा एसेनबेक यायचा,
पदकं लावून, दाढी करून.
त्याच्या खुर्चीखाली कधीच काही नसायचं.
ती त्याला हिशेबात धरायची नाही.

मग एका फेब्रुवारीत, उणे बावीस असताना,
पोस्टर नसलेला एक डबा आला.
आजारी नवऱ्याच्या जागी
घोड्यावरून टपाल वाटणारी बाई.
बस्स, एवढंच. वाटते, परत येते, चूल पेटवते.
प्रेक्षक अकरा.
दिवे लागले तरी कुणी उठेना.
जुमागुल दारात खराटा धरून उभी,
आणि जमीन सकाळी होती तशीच.
"आज मला कामच नाही," म्हणाली
आणि जराशी चिडलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या एकटीसाठी लावला.
ती मधोमध बसली, कोट अंगावरच ठेवून.
खिडकीतून मला फक्त तिचा रुमाल दिसत होता.
दहा मिनिटं झाली असतील,
कटकट.
पहिलं रीळ संपलं, कटकट.
घोडा नदीत उतरला, कटकट कटकट,
पार शेवटच्या अक्षरापर्यंत.
माझं तोंड एवढंसं झालं.

खाली आलो तर ती आपलंच फोलपट झाडत होती.
"त्या बाईला गाठ मारता येत नाही," म्हणाली,
"पत्रांचा गठ्ठा असा बांधतात होय?
आमच्या ह्यांनी एकोणीस वर्षं बांधला."
मग सुपडी भरता भरता,
"पाच."

"पाच? तू तर सबंध वेळ बिया खात होतीस!"

"मग काय करू? रडत बसू तुझ्यासमोर?"

पाचव्या ताऱ्यापुरता लाल रंग डब्यात उरला नव्हता.
तो तिने खडूने काढला.
चार वाजेपर्यंत बर्फाने पुसून टाकला.
तरी संध्याकाळी सतरा माणसं आली,
त्यातल्या दोघांनीच बिया घेतल्या.