घेराच्या कडेला

रोपवाटिकेतले वैती म्हणाले, खोडाशी खत ओतू नका,
खोड जेवत नाही.
भर दुपारी सावलीची कड पडते ना,
तिथे खाली बारीक पांढरी मुळं असतात.
तोंड तिथे.

बारा वाजता मी खडू घेऊन उतरले.
चेंबूर, इमारत नंबर नऊ. पेव्हर ब्लॉकवर
सावलीमागून रेघ ओढत गेले,
पंपाची खोली, मोडका झोपाळा,
आणि रेघ शिरली हरमलकरांच्या फियाटखाली.

सहा वर्षं हललेली नाही ती.
हरमलकर गेले त्याच आठवड्यात बाईंनी कव्हर घातलं.
दर दिवाळीला धुतात, परत घालतात.
सोसायटीत हा विषय कुणी काढत नाही.

आंबा काढत होता.
पानांच्या कडा करपलेल्या, उदबत्ती टेकवावी तशा:
पालाश कमी. शेंड्याला बोटभर पानांचे आवळलेले गुच्छ:
जस्त नाही. फळ वाटाण्याएवढं धरायचं
आणि गळायचं, तीन वर्षं हेच.
मिठाईलाल वॉचमन म्हणाला, युरिया मारू बाई.
म्हटलं, नुसत्या युरियाने पानं माजतात.
(चौथ्या मजल्यासारखी, हे मनात.)

पितृपक्षात बाईंची बेल वाजवली.
गच्चीत पान ठेवून आल्या होत्या, बोटाला शीत.
मी शेणखत म्हटलं, निंबोळी पेंड म्हटलं,
गाडी काही म्हणवेना.
त्याच म्हणाल्या, "किती सरकवायची?"

टायर बसलेले. अन्सारने हवा भरली.
स्टिअरिंगला बाई, जन्मात पहिल्यांदा,
दोन्ही हातांनी, परातीसारखं धरून.
आम्ही चौघं मागून.

ब्लॉक उचलले. वर तेलाचा काळा डाग,
खाली मुळं कधीची येऊन बसलेली,
कोरड्या रेतीला चिकटून.
वीतभर चर खणला.
पाच घमेली खत, पेंड, पालाश,
जस्त चमच्याने. बाईंनी विचारलं,
"पाणी लगेच, की थोड्या वेळाने?"
लगेच, म्हटलं. त्यांनी तांब्याने घातलं, पाइप असून.

माघात मोहोर नाही आला.
पालवी आली, तांबूस, लांब पानांची.
वैती म्हणतात, थांबा.
चरावर आता कुणी गाडी लावत नाही.
फियाट खोडाला लागून उभी असते, कव्हराशिवाय.
तिथे चालतं.
खोड जेवत नाही.