अर्धा ट्रक

फूटपट्टी घरीच ठेवून आले.
चाळीस वर्षं नकाशा-कचेरीत
तिच्याच कडेकडेनं चालले,
आता साठी उलटल्यावर
हाताला वाकडं शिकवते आहे.

तिबिलिसीत, सोलोलाकीच्या चढावर
पावाच्या भट्टीची भिंत बाहेरूनही ऊबदार असते.
तिला पाठ लावायची. घडीचं स्टूल, मांडीवर पाटी,
आणि समोर ते घर:
लाकडी सज्जा पुढे झुकलेला,
नीट ऐकू न आल्यावर माणूस वाकतो तसा,
आणि त्याच्याखाली एक टेकू,
तारेच्या खांबाचा, अजून डांबर लागलेला.

बाकीचे शनिवारवाले पुढे गेले
चर्चचा घुमट काढायला.
घुमट बरा. तो विचारत नाही तू कोण.

पहिली रेघ चुकली.
चुकलेली खोडायची नाही, असा आमचा नियम
(केला कुणी, कुणास ठाऊक),
शेजारी दुसरी ओढायची.
मग घराला दोन कडा होतात
आणि दोन्ही थोड्या थोड्या खऱ्या वाटतात.

सज्ज्यात एक बाई आली,
हातात टॉवेल, थंडीनं फळीसारखा ताठ.
“पालिकेची का तू?”
नाही म्हटलं.
“मागच्या महिन्यात एक आला होता.
असाच टक लावून बघत होता, त्यानंही काढलं.
दुसऱ्या दिवशी दाराला लाल कागद.”

काय सांगणार होते मी?
की हे घर मी आधीही काढलंय,
शहाऐंशी साली, दीड मिलिमीटरचा चौकोन,
आत तिरप्या रेघा, म्हणजे राहतं घर.
तेव्हा ते सरळ होतं. कागदावर तरी.

रंग लावला तर तो कागदावरच गोठला,
निळ्या सावलीभर नेच्याची पानं, बर्फाची.
एतेरी (नाव तिनंच सांगितलं, जिना उतरता उतरता)
माझ्या वाटीत डोकावली,
“छे, असं गोठणारच,”
आणि एप्रनच्या खिशातली बाटली
माझ्या पाण्यात उपडी केली.
घरची, द्राक्षाची. डोळ्यांत पाणी आणणारी.
“नवरा गाडीच्या काचेला लावायचा.
उरलेली प्यायचा.”

मग हळूच:
“टेकू नको काढूस.”
दिसतोय तो, मी म्हटलं.
“मलाही दिसतो. रोज.”

कचेरीत आम्ही पुष्कळ गाळलंय.
छावणी, पूल, एकदा अख्खा कारखाना.
वरून यादी यायची, टंकलेली.
असं कुणी जवळ बसून मागितलं नव्हतं.

ब्रश तसाच हातात,
तेवढ्यात पिठाचा ट्रक आला
आणि बरोब्बर मधे थांबला.
वाझा उतरला, बोटं पसरून दाखवली: पाच मिनिटं.
ती पाच मिनिटं जगात कुठेच पाच नसतात,
म्हणून मी ट्रकच काढायला घेतला:
मागचं चाक, चिखलपट्टी, ताडपत्रीची दोरी,
गोणी उतरवताना वाझाची पांढरी झालेली भुवई.
इंजिनापर्यंत पोचायच्या आत
गेला की तो.

कागदावर राहिला अर्धा ट्रक,
मागचा.
आणि सज्जा थेट त्याच्या ताडपत्रीवर
टेकलेला.

एतेरीनं कागद लांब धरला, जवळ धरला,
चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिला.
“राहू दे,” म्हणाली,
“पण चाकाला दगड लाव.
चढ आहे.”

लावला.