मीटरपेटीतला मजकूर

नाव आधी ठरलं : हिलाल होम सोल्युशन्स.
धनराजनं सुचवलं, सुरतेत असंच चालतं म्हणे.
बाप पायरीवर बसून ब्रश रॉकेलात हलवत होता.
म्हणाला, सोल्युशन तर डबीत असतं,
पंक्चरवाल्याकडे.

तरी मी लॅपटॉप उघडला.
बाहेर त्रेचाळीस डिग्री, अमळनेरचं दुपारचं आभाळ
चुन्याच्या निवळीसारखं,
आणि आत मी लिहीत होते 'आमच्याविषयी' :
तीस वर्षांचा अनुभव, समाधानाची हमी.
वाचून दाखवलं तर बाप मागं वळून बघू लागला,
कोणाबद्दल चाललंय ते.

फोटो लागतात, मी म्हटलं. आधीचा एक, नंतरचा एक.
रंगाचे मिळतील, तो म्हणाला,
पण गेल्या साली ढेकू रोडला जी गच्ची केली
तिथं नंतर काहीच झालं नाही. भिंत कोरडी राहिली.
"गयती थांबनी, तिना फोटू कसा काढाना?"

धनराजकडं यादीच होती.
रिक्षावर भोंगा. पेपरात पत्रकं.
लग्नसराईच्या तोंडावर दहा टक्के सूट.
बापानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं,
दहा टक्के म्हणजे कोणता हात कमी करायचा,
पहिला का दुसरा?

मग मी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले
तारे मागायला. पाचपैकी किती द्याल?
एकजण म्हणाले, पोरी, दोन वर्षं थांब, भिंत सांगेल.
पिंपळे रोडच्या काकू म्हणाल्या,
हिलालभाऊंना सांग, त्यांची घोडी आमच्याकडंच राहिलीय,
आम्ही तिच्यावर पापड वाळवतो.
तारा कोणीच दिला नाही.

महिन्याभरात बेचाळीस जण पान बघून गेले.
त्यातली एकतीस वेळा मीच.

मग एका मंगळवारी सुरतेहून फोन.
आई पैलाडला एकटी असते.
दार खाली बसलंय, आतून कडी लागत नाही,
रात्री दाराला पाटा लावून झोपते.
तिनं मीटरपेटी उघडून फोनवर अक्षर अक्षर वाचलं :
हिलाल. १२ एप्रिल २००४. फिका पिस्ता, दोन हात.
खिडकीमागं ओल होती, भरली.
खाली सहा आकडे.
तो नंबर कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथचा,
बूथ जाऊन तिथं आता मोबाइलचं दुकान आहे.
म्हणून मग तुमचं नाव शोधलं, तो म्हणाला,
हिलाल आणि अमळनेर, एवढंच टाकलं.

मला हे माहीतच नव्हतं.
माय म्हणाली, तो सगळीकडं लिहितो,
पेन्सिलीनं, पेटीच्या झाकणाच्या आत,
पुढच्या माणसाला छटा शोधत फिरावं लागू नये म्हणून.
किती घरं? तिनं हात नुसता हवेत फिरवला,
नदीच्या अलीकडं, पलीकडं.

बापानं पिशवीत चार लांब स्क्रू टाकले,
एक पेचकस, आगपेटी.
आगपेटी कशाला?
भोक मोठं झालं असलं तर काडी ठोकायची,
मग स्क्रू धरतो.

दिवेलागणीला आला. किती घेतले विचारलं
तर चहा झाला म्हणाला.
पेटीत खाली एक ओळ आणखी लिहून आलाय.
नवा नंबर घातला, आणि त्याच्याखाली
थोडी जागा सोडलीय, तुझ्या त्या पानाचं नाव
इंग्रजीत कसं लिहितात ते काढून दे, म्हणाला.

मी काढून दिलं, बिलाच्या पाठीमागं, मोठ्या अक्षरात.
सोल्युशन्स खोडून टाकलं.

आता सेवांच्या पानावर सहा चौकोन आहेत :
रंगकाम, पुट्टी, गच्ची, सिलिंग, टाइल्स, इतर.
दार कशात घालू, मी विचारलं.
तो हातपाय धूत होता.
"दार लागस आते," म्हणाला. "इतलंच लिख."

अजून लिहिलेलं नाही.
'इतर'मध्ये टाकवत नाही.