खोडू नये

सावद्याच्या फळविक्री संघात, माझ्या टेबलावर
तीन ऑफिसांच्या तीन याद्या.
गाव एक, गट नंबर एक, बागही एकच:
आमच्याकडे चार हजार दोनशे खोडं,
विमावाल्यांकडे तीन हजार नऊशे,
कृषी खात्याकडे नऊ हजार शंभर.

खोटं कुणीच बोलत नव्हतं.
आम्ही उभं झाड मोजत होतो,
विमावाले घड धरलेलं,
आणि कृषी खात्याचा नवा पोरगा
बुंध्याशी फुटलेलं पिलूसुद्धा
मनापासून मोजत आला होता.

म्हणून वही उघडली.
आधी वहीच, दोनशे पानी, लाल कापडी पुठ्ठ्याची,
संगणकात ती नंतर गेली.
रकाने आखले: शब्द. अर्थ. काय धरायचं. काय नाही.
कुणी ठरवलं. कोणत्या तारखेपासून.
आणि शेवटी एक अरुंद रकाना,
या शब्दाचा पालक कोण.

पहिल्या पानावर नियम म्हणून एकच लिहिलं:
जुना अर्थ खोडू नये.
वाचता येईल अशी एक रेघ मारावी
आणि नवा खाली लिहावा.
वायकोळे साहेब हसले,
केळीच्या मुलखात येऊन 'खोडू नये' म्हणतेस,
इथं तर सगळी खोडंच खोडं.

मग दर बुधवारी बैठक.
चहा, उकडलेल्या शेंगा आणि भांडण.
वजन दांड्यासकट की दांड्याविना,
यावर तीन बुधवार गेले.
कांदेबाग कोणत्या तारखेला संपते, मृगबाग कधी लागते,
यावर दीड.
'नवती'ला फैजपूरचा व्यापारी एक अर्थ लावी,
रावेरचा दुसरा, आणि दोघंही
आपापल्या आजोबांची शपथ घेत.

सरदार तडवी, कापणीच्या टोळीचा मुकादम.
बोलावलं तर खुर्चीवर बसेना,
दाराशी उभा राहून म्हणाला,
'तुमी लिव्हा बाई, काय लिव्हायचं ते.
घड कधी उतरवायचा, माह्या विळ्याले ठाऊक हाये.'
मी ते तसंच उतरवून घेतलं, मग विचारलं,
विळ्याला काय दिसतं?
तो थोडा वेळ गप्प.
मग बोटानं हवेत केळ्याच्या धारा काढल्या,
त्या अंगठ्यानं घासून बोथट केल्या,
म्हणाला, अशा.
नोंद क्रमांक सतरा, 'काढणीयोग्य'.
पालक: सरदार रुबाब तडवी.
ती एक व्याख्या बदलायला
आजवर कुणी आलेलं नाही.

मे महिन्यात वादळ आलं, अर्ध्या तासाचं.
तापीच्या अलीकडे रांगाच्या रांगा आडव्या.
तेव्हा कळलं, 'नुकसान' आपण लिहिलंच नाही.
मोडलेलं खोड नुकसान, हे सगळ्यांना मान्य.
वाकलेलं?
बांबूचा टेकू देऊन उभं केलेलं?
पानांच्या चिंध्या, पण घड शाबूत?
आणि मोडलेल्याच्या बुंध्याशी
दुसऱ्याच दिवशी हिरवं टोक काढून बसलेलं पिलू,
ते कुठल्या रकान्यात?

नोंद क्रमांक एक्केचाळीस.
सहा अर्थ झाले तिचे. पाचांवर रेघा,
पाचही वाचता येतात.
पालकाच्या रकान्यात नाव द्यायला मात्र
कुणी तयार होईना.
विमावाल्यांनी मोबाइल काढला.
वायकोळे साहेबांना भुसावळची गाडी आठवली.
सगळे गेल्यावर मी टरफलं गोळा केली,
पेन उघडलं आणि माझं नाव लिहिलं,
माहेरचं. हाताला तेच आधी आलं.
मग त्यावर एक रेघ,
खाली आताचं.

सकाळी सहाला चिनावलहून फोन:
बाई, खोड वाकलंय, पण अर्धी मुळं जमिनीतच हायेत,
हे काय धरायचं?
थांबा, म्हटलं.
काही धरू नका अजून.
वही घेऊन येते.