शेरा

फाईलवर मी एवढंच लिहिलं:
"विद्यमान मलवाहिनीत क्षमता शिल्लक नाही.
तूर्त नवीन बांधकामास परवानगी देऊ नये."
खाली सही, तारीख,
आणि सहीजवळ एक डाग.
तो शाईचाच होता.

नकाशात गुरुशांत नगर अजून शेतच आहे.
ज्वारीच्या चौकोनांमधून एक निळी रेघ जाते:
नऊ इंची पाइप, चारशे घरांसाठी टाकलेला.
ज्यानं ती ओढली तो केव्हाच पेन्शनीत गेला.
चारशेची चार हजार कधी झाली
हे रेघेला कुणी कळवलं नाही.

मला हे काम शिकवलं मल्लेशी म्हेत्रेनं.
झाकणाला कान लावायचा आणि म्हणायचा,
"वरच्या अंगाला पाणी सुटलंय बघा आज."
इथं नळ चार दिवसांआड.
ज्या दिवशी येतो त्या दिवशी
अख्खी पेठ धुणं काढते, चादरी भिजवते,
पिंपं घासते, शिळं पाणी ओतून देते,
आणि दुपारी दोनच्या सुमाराला
चेंबरची झाकणं हलू लागतात
आमटीच्या पातेल्यावरच्या ताटलीसारखी.
पाण्याचं वेळापत्रक पेपरात चुकतं.
झाकणांचं चुकत नाही.

मल्लेशी आता नाही.
नकाशावर एका चेंबरभोवती लाल वर्तुळ आहे, माझ्याच हातचं.
त्याबद्दल इथं लिहीत नाही.

शेरा गेला तसे फोन आले.
मग बिल्डर आले, पेढ्यांचा बॉक्स घेऊन.
"साहेब, शहर थांबतं होय कुठं?"
मी म्हटलं, शहर नाही, घाण थांबते.
ते हसले. बॉक्स विसरून गेले.
शिपायानं तो उचलला, मी खिडकीबाहेर बघितलं.

पण राजमल्लू गाजूल आला तेव्हा
माझ्याकडं वाक्य नव्हतं.
दोन यंत्रमाग विकले त्यानं, भंगाराच्या भावानं,
आणि पाचव्या मजल्यावर दोन खोल्या बुक केल्या.
तो मजला अजून हवेत आहे.
भाडं चालू, हप्ता चालू.
"किती दिवस धरू?"
पंपिंग स्टेशनचं टेंडर दोनदा उघडलं, दोनदा मिटलं.
हे त्याला सांगून काय?

त्याला स्कूटरवर मागं बसवून नेलं.
पहारीनं दोघांनी झाकण सरकवलं.
काठापासून चार बोटं खाली
काळं, जाड, हलतंय न हलतंय असं.
राजमल्लूनं नाकाला रुमाल लावला नाही.
वाकून बघत राहिला बराच वेळ,
माग अडला की धोटा कुठं अटकला
ते बघावं तसा.

"ह्यात आमच्या चाळीचं पण असेल की."
असेल.
"तुमच्या घरचं?"
मी वरच्या अंगाला राहतो. उतार इकडंच.
"मग तुम्हाला परवानगी कुणी दिली, साहेब?"

तो टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.
त्या साली पाइपात जागा होती, म्हटलं.
म्हणजे मी त्या साली आत आलो
आणि झाकण लावून घेतलं,
हे म्हटलं नाही.

झाकण परत बसवताना
त्यानं माझ्यापेक्षा जास्त जोर लावला.

शेरा मागं घेतलेला नाही.
उद्या फाईल आली तर तेच लिहीन, तेच खरं आहे.
फक्त परवा, आमच्याकडं पाण्याचा दिवस होता,
बायको बाहेरून ओरडली,
"आत एवढा वेळ काय करताय?"
मी भरली बादली धरून उभा होतो,
ओतावी की राहू द्यावी,
खाली कुणीतरी अजून
वाकून बघत असल्यासारखा.